पार्टीत एकटा बसलेला विदूषक आणि नकाशावर नसलेला देश

हे चित्र तुम्ही पाहिलेलं आहे. नाव माहीत नसेल, चित्रकार माहीत नसेल, पण पाहिलेलं आहे. लाल कपड्यांतला एक विदूषक खुर्चीत पाय पसरून बसलाय. हातांची बोटं एकमेकांत अडकवलेली, नजर समोर जमिनीवर कुठेतरी हरवलेली. मागे उघड्या दारातून उजेडातली पार्टी दिसते, नटलेली माणसं दिसतात. 'सगळे मित्र लग्नात नाचतायत आणि मी', 'रिझल्टच्या आदल्या रात्री मी', अशा ओळी डोक्यावर घेऊन हा विदूषक गेली काही वर्षं जगभरच्या फोनांमधून फिरतो आहे. मीम म्हणून तो झकास चालतो, कारण एकटेपणा समजायला भाषांतर लागत नाही.

पण एकदा मूळ चित्र शोधून झूम करा. विदूषकाच्या शेजारच्या टेबलावर एक उघडं पत्र पडलंय. खिडकीबाहेर काळोखात चर्चचा मनोरा आहे आणि आकाशात धूमकेतू. विदूषकाची काठी जमिनीवर पडली आहे. त्या पत्रात बातमी आहे: स्मोलेन्स्क शहर रशियनांनी जिंकून घेतलं. दरबारात ही बातमी पोचली आहे, तरी नाच थांबलेला नाही. संपूर्ण राजवाड्यात तिचा अर्थ कळलेला माणूस एकच, आणि तो लोकांना हसवण्याचा पगार घेतो.

विदूषकाचं नाव स्तान्चिक. सोळाव्या शतकात पोलंडच्या राजांच्या पदरी हा खरोखर होऊन गेला. चित्र काढलं १८६२ साली यान मातेयको या चोविशीतल्या पोरानं, आणि विदूषकाला चेहरा दिला स्वतःचा.

आता गंमत बघा. स्मोलेन्स्क पडलं १५१४ मध्ये. चित्राच्या लांबलचक नावात ज्या बोना राणीच्या नाचाचा उल्लेख आहे, ती इटलीहून लग्न करून पोलंडमध्ये आली १५१८ मध्ये. आणि टेबलावरच्या पत्रावर साल घातलंय १५३३. म्हणजे हा प्रसंग असा कधी घडूच शकत नाही. हे मातेयकोला माहीत नसेल? ज्या माणसानं आयुष्यभर जुन्या कबरींवरचे पुतळे आणि तलवारींच्या मुठी वहीत उतरवून घेतल्या, त्याला चार वर्षांचा हिशेब कळत नव्हता असं मला तरी वाटत नाही. त्याला त्या रात्रीची नोंद करायचीच नव्हती. त्याला विचारायचं होतं, की हे बुडणार आहे हे दिसत असताना तुम्ही नाचत कसे होतात?

हा प्रश्न १८६२ मध्ये का जिव्हारी लागावा, हे कळायला त्या वेळच्या युरोपचा नकाशा उघडावा लागतो. त्यात पोलंड नाही. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत तो देश खाऊन टाकला होता. पुढे १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षं, पोलंड हे फक्त एका भाषेचं आणि एका आठवणीचं नाव होतं.

मातेयकोचा जन्म २४ जून १८३८चा, क्राकुफ शहरातला. पोलंडच्या राजांची ही जुनी राजधानी. वावेल टेकडीवर त्यांचा राजवाडा आणि कॅथिड्रल, कॅथिड्रलखाली त्यांच्या समाध्या. तेव्हा हे शहर 'स्वतंत्र नगर' म्हणून नावापुरतं मोकळं होतं. यान आठ वर्षांचा असताना, १८४६ मध्ये, ऑस्ट्रियानं तेही गिळलं. दहा वर्षांचा असताना ऑस्ट्रियन तोफांनी शहरावर मारा केला. त्याचे दोन मोठे भाऊ हंगेरीच्या बंडात लढायला गेले. एक मारला गेला, दुसऱ्याला परागंदा व्हावं लागलं. आई तर त्याआधीच, तो सात वर्षांचा असताना गेली होती. अकरा भावंडांतला हा नववा. शाळेत यथातथा, बोलायला बुजरा, डोळ्यांनी अधू. चित्रं मात्र सतत काढायचा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ती विसरली जाते. पोलिश राष्ट्राला स्वतःचा चेहरा देणाऱ्या या माणसाचे वडील पोलिश नव्हते. ते बोहेमियातून पोट भरायला आलेले चेक संगीतशिक्षक. आईचं घराणं अर्धं जर्मन. रक्ताची शुद्धता मोजणाऱ्यांना मातेयको फारच गैरसोयीचा आहे. तो पोलिश झाला तो क्राकुफच्या गल्ल्यांमुळे, घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेमुळे आणि भावांच्या मरणामुळे.

चौदाव्या वर्षी तो क्राकुफच्या कलाशाळेत दाखल झाला. तिथल्या शिक्षकांपैकी व्वादिस्वाव लुश्चकेविच यांनी विद्यार्थ्यांना जुन्या वास्तू आणि स्मारकं समोर बसून रेखाटायची सवय लावली. मातेयकोनं ही सवय पुढे व्यसनासारखी जोपासली. कोणत्या शतकात बाही कशी शिवत, पट्टा कुठे बांधत, घोड्याच्या लगामाला काय टांगत, सगळं तो टिपून ठेवायचा. १८६० मध्ये त्यानं पोलंडमधल्या पेहरावांचा एक सचित्र अल्बमच छापला. दरम्यान शिष्यवृत्तीवर म्युनिकला जाऊन आला. मग व्हिएन्नाला गेला, पण तिथल्या प्राध्यापकाशी खटका उडाला आणि काही दिवसांतच गाशा गुंडाळून घरी परतला. त्यानंतर मुक्काम कायम क्राकुफमध्येच. पॅरिसला कौतुक झालं, प्रागच्या अकादमीनं संचालकपद देऊ केलं, तरी हा हलला नाही.

१८६३ च्या जानेवारीत रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये उठाव झाला. मातेयकोचे भाऊ त्यातही गेले. प्रकृतीमुळे तो स्वतः लढू शकला नाही, पण एका मित्राबरोबर हत्यारं पोचवायला उठावाचा सेनानी लांग्येविच याच्या छावणीपर्यंत गेला. उठाव वर्षा-दीड वर्षात चिरडला गेला. फाशी, सैबेरिया, जमिनी जप्त. रशियाच्या भागात शाळा-कचेऱ्यांतून पोलिश भाषा हुसकली जाऊ लागली.

अशा वेळी चित्रकारानं काय काढावं? हुतात्मे काढावेत, जुलमी शत्रू काढावा, रडणारी आई काढावी. लोकांना तेच हवं होतं. मातेयकोनं १८६४ मध्ये काढलं 'स्कार्गाचं प्रवचन'. राजाचा जेझुइट धर्मगुरू पिओत्र स्कार्गा हात उंचावून दरबाऱ्यांना बजावतो आहे, की तुमच्या भांडणांनी आणि स्वार्थानं हे राज्य बुडेल. समोर बसलेले सरदार कंटाळलेत, कुणी विचारात पडलेत. (असं प्रवचन असं, याच शब्दांत झालं होतं का, याबद्दल इतिहासकारांना दाट शंका आहे.) पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात, म्हणजे सलोंमध्ये, या चित्राला १८६५ मध्ये सुवर्णपदक मिळालं. सत्तावीस वर्षांचा चित्रकार एकदम युरोपभर माहीत झाला.

आणि मग त्यानं जखमेवर सरळ बोटच ठेवलं.

१७७३ च्या एप्रिलमधला प्रसंग. पहिली फाळणी तिन्ही सत्तांनी करून टाकली आहे, आता तिच्यावर पोलंडच्याच संसदेचा शिक्का हवा आहे. तो मारून द्यायला खासदार तयार आहेत. काही घाबरून, पुष्कळसे पैसे खाऊन. तादेऊश रेयतान नावाचा एक प्रतिनिधी मात्र नाही म्हणतो. सगळे उपाय थकल्यावर तो सभागृहाच्या दारात आडवा पडतो. जायचं असेल तर मला तुडवून जा. लोक गेलेच. फाळणी मंजूर झाली. रेयताननं सात वर्षांनी, १७८० मध्ये, आत्महत्या केली.

मातेयकोनं हे १८६६ मध्ये रंगवलं, जवळजवळ पाच मीटर रुंदीच्या कॅनव्हासवर. हेही फोनवर झूम करून बघण्यासारखं आहे. उजवीकडे जमिनीवर रेयतान, शर्ट फाडून छाती उघडी टाकलेला. त्याच्यासमोर लाल झग्यातला आदाम पोनिन्स्की, संसदेचा अध्यक्ष, दाराकडे हात करून उभा आहे. दारात परक्या फौजेचे शिपाई. जमिनीवर नाणी आहेत, उलटलेली खुर्ची आहे. एक सरदार तोंड झाकून बसलाय. मागे राजा स्तानिस्वाव आउगुस्त हातात घड्याळ घेऊन उभा आहे. मीटिंग लांबली म्हणून वैतागलेल्या माणसासारखा. वर सज्जात दोन बायकांच्या मधोमध रशियाचा राजदूत नाटक बघायला आल्यासारखा बसलेला. आणि या सगळ्यांच्या वर भिंतीवर, रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनची तसबीर.

शत्रू चित्राच्या कडेला आहेत. मध्यभागी आहेत पोलिश लोक, उंची कपड्यांतले.

या चित्रानं गहजब झाला. चित्रातल्या सरदारांची घराणी हयात होती, श्रीमंत होती, प्रतिष्ठित होती. आपल्या पणजोबांना असं चव्हाट्यावर मांडलेलं कुणाला आवडेल? पण चिडले ते फक्त वारसदार नव्हते. साधे देशभक्तही चिडले. आपण आधीच मार खाल्लेले, परक्यांसमोर आपलीच लक्तरं कशाला धुवायची? स्वस्तात नाव कमवायला हा माणूस देशाची बेअब्रू करतो आहे, असं लिहिलं-बोललं गेलं. आज कुठल्याही इतिहासाच्या वादात खालच्या कॉमेंट वाचा, हाच युक्तिवाद सापडेल, भाषा बदलून.

मातेयकोनं उत्तर दिलं ते चित्रातूनच. १८६७ च्या 'मातेयकोला शिक्षा' या छोट्या चित्रात क्राकुफच्या मुख्य चौकात त्याला खांबाला बांधलंय, निकालपत्र वाचून दाखवलं जातंय, भोवती लोक जमलेत. अपमान इतका नाटकी थाटात मांडणारा माणूस अगदीच निर्विकार नसणार. त्याला लागलं होतं.

त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात 'रेयतान'ला सुवर्णपदक मिळालं. आणि ते ५०,००० फ्रँकला विकत घेतलं कुणी? ऑस्ट्रियाच्या सम्राट फ्रान्झ योझेफनं. म्हणजे लुटणाऱ्या तिघांपैकी एकाच्या नातवंड-पतवंडानं लुटीचं चित्र स्वतःच्या राजधानीत टांगलं. पोलंड पुन्हा स्वतंत्र झाल्यावर, १९२० मध्ये, नव्या सरकारनं ते परत विकत घेतलं. स्वतःच्या लाजेचं चित्र पैसे मोजून परत आणणारी सरकारं जगात फार नसतील.

इथे एक प्रश्न पडतो. हे सगळं ऑस्ट्रियाच्या राज्यात चालू कसं दिलं? कारण राजकारणाचं होतं. १८६६ मध्ये प्रशियाकडून मार खाल्ल्यावर ऑस्ट्रियाला आपलं कडबोळं साम्राज्य टिकवण्यासाठी प्रांतांशी जमवून घ्यावं लागलं. क्राकुफ ज्या गॅलिशिया प्रांतात होतं, त्याला हळूहळू स्वायत्तता मिळाली. शाळा, विद्यापीठ, कचेऱ्या पोलिशमध्ये आल्या. वॉर्सात जे बोलता येत नव्हतं, ते क्राकुफमध्ये रंगवता येत होतं. तिथल्या बुजुर्ग इतिहासकारांचा आणि सनातनी विचारवंतांचा एक गटही तेव्हा म्हणत होता, की पोलंड बुडाला तो आपल्याच दोषांनी, उगाच बंडं करत बसू नका. १८६९ मध्ये त्यांनी स्तान्चिकच्या नावानं उपहासलेख छापले आणि लोक त्यांना 'स्तान्चिकवाले' म्हणू लागले. मातेयकोचा विदूषक असा एका राजकीय पक्षाचा बिल्ला झाला. चित्र एकदा बाहेर पडलं की ते कोण वापरेल यावर चित्रकाराचा ताबा राहत नाही. मीमवाल्यांच्या दीडशे वर्षं आधीची ही गोष्ट.

पण मातेयको त्या पक्षाचा झाला नाही. 'रेयतान'नंतर त्याचा सूर बदलला. टीकेनं घाबरून बदलला असं म्हणता येईल, आणि तसं म्हणणारे आहेत. माझा अंदाज थोडा निराळा आहे. दोष दाखवून झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्याच्यासमोर आला असावा. मुडद्याची चिरफाड करून मरणाचं कारण कळतं, पण हा मुडदा त्याच्या लेखी मेलेलाच नव्हता. १८६९ मध्ये त्यानं पोलंड आणि लिथुआनिया एकत्र आले तो 'लुब्लिनचा करार' काढला. १८७३ मध्ये, जन्माच्या चारशेव्या वर्षी, कोपर्निकस. हा आमचा की जर्मनांचा, या वादात त्यानं खगोलशास्त्रज्ञाला रात्रीच्या आकाशाखाली, परमेश्वराशी बोलत असल्यासारखा बसवला. लोकवर्गणीतून ते चित्र क्राकुफच्या विद्यापीठाला मिळालं.

आणि मग 'ग्रुनवाल्ड'.

१५ जुलै १४१० रोजी पोलंडचा राजा यागेवो आणि लिथुआनियाचा वितोल्ड यांनी मिळून ट्यूटॉनिक नाइट्सच्या जर्मन लष्करी पंथाचा धुव्वा उडवला. पंथाचा सर्वोच्च प्रमुख उलरिश फॉन युंगिंगेन रणांगणात मारला गेला. मातेयको हे चित्र करत होता त्या वर्षांत बिस्मार्कचा जर्मनी नुकताच जन्माला आला होता आणि प्रशियातल्या पोलिश लोकांवर जर्मन भाषा लादली जात होती. तेव्हा साडेचारशे वर्षांपूर्वीच्या लढाईत कुणालाही नुसता इतिहास दिसणार नव्हता.

चित्राचा आकार ४२६ बाय ९८७ सेंटीमीटर. हिशेब करा, साडेचारशे चौरस फूट होतात. मुंबईतला एक वन-बीएचके उभा करून भिंतीला टेकवला तर जेवढा होईल तेवढं. १८७२ ते १८७८ अशी वर्षं यात गेली. आणि आत जागाच नाही. घोडे, भाले, चिलखतं, दाढ्या, उघडी तोंडं, एकमेकांत इतकी गुंतलेली की पहिल्या नजरेला काही कळत नाही. मग मधोमध लाल कपड्यांतला वितोल्ड दिसतो, तलवार उंचावलेला, अंगावर चिलखत नाही. डावीकडे पांढऱ्या झग्यातला युंगिंगेन कोसळतोय आणि त्याच्यावर भाला रोखणारा आहे अंगावर कातडं पांघरलेला एक साधा उघडाबंब माणूस. राजा यागेवो शोधावा लागतो, तो मागे टेकडीवर आहे. आकाशात संत स्तानिस्वाव गुडघे टेकून प्रार्थना करतोय. राजा कोपऱ्यात आणि मारणारा हात अनाम माणसाचा, ही मांडणी सहज झालेली नाही.

मला हे चित्र आवडतं का? खरं सांगायचं तर दमवतं. प्रत्येक बक्कल सारख्याच ताकदीनं ओरडतं. त्या काळातही हे बोलणारे होते. स्तानिस्वाव विट्कियेविच हा टीकाकार म्हणायचा, की विषय थोर असल्यानं चित्र थोर होत नाही, आधी प्रकाश, रंग, अंतर जमलं पाहिजे. त्याचं म्हणणं बरोबर होतं. याच दशकात, १८७४ मध्ये, पॅरिसमध्ये मोने आणि मंडळींनी आपलं पहिलं प्रदर्शन भरवलं होतं. चित्रकला धुक्याकडे, पाण्याकडे, रस्त्यावरच्या उन्हाकडे निघाली होती आणि इथे हा माणूस चिलखतांच्या कड्या मोजत बसला होता. पण मोनेला फ्रान्स होता. ज्याच्याकडे देशच नाही, त्याला पहाटेचं धुकं रंगवायची फुरसत कुठून मिळायची? (विट्कियेविचनंच पुढे मातेयकोवर अख्खा ग्रंथ लिहिला, हेही नोंदवायला हवं.)

१८७८ मध्ये क्राकुफ नगरपालिकेनं मातेयकोच्या हातात राजदंड दिला. राजा नसलेल्या काळात चित्रांच्या राज्यावर तूच राज्य कर, असा त्याचा अर्थ. चाळीस वर्षांचा, ठेंगणा, चष्मेवाला, अबोल माणूस. तो राजदंड त्यानं घरी नेऊन नेमका कुठे ठेवला असेल याचं मला कुतूहल आहे.

या चित्राचं खरं आयुष्य तर चित्रकार गेल्यावर सुरू झालं. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन फौजा वॉर्साकडे निघाल्यावर 'ग्रुनवाल्ड' आणि 'स्कार्गाचं प्रवचन' ही दोन चित्रं गुंडाळून गाडीवर घालून लुब्लिनला नेली गेली. ती नेणाऱ्यांपैकी दोघे काही दिवसांतच तिथल्या बॉम्बहल्ल्यात मेले. नाझींना 'ग्रुनवाल्ड' हवंच होतं, जपायला नव्हे तर नाहीसं करायला. पत्ता सांगणाऱ्याला आधी वीस लाख आणि मग एक कोटी मार्कांचं बक्षीस लावलं. ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यापैकी कुणीही तोंड उघडलं नाही. चित्रं लुब्लिनमध्येच पुरलेली होती. १९४४ मध्ये ती उकरून काढली तेव्हा ओल लागून खराब झाली होती. दुरुस्ती १९४९ पर्यंत चालली.

जाता जाता, त्याच युद्धात पोलंडमधून सैबेरियात हाकलली गेलेली सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, फिरत फिरत आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला येऊन पोचली होती आणि तिथल्या छावणीत काही वर्षं राहिली. देश पुन्हा नकाशावरून पुसला जाणं म्हणजे काय, हे त्या मुलांना चित्रातून शिकायची गरज नव्हती.

मातेयकोच्या घरातलं चित्र मात्र शांत नव्हतं. १८६४ मध्ये त्यानं तेओदोराशी लग्न केलं. तिचा चेहरा त्यानं आपल्या चित्रातल्या राण्यांना दिला. लग्नाच्या पोशाखातलं तिचं एक चित्र त्यानं काढलं होतं. १८७६ मध्ये तिच्याच भाचीला समोर बसवून त्यानं दुसरं चित्र काढलं, तेव्हा तेओदोरानं संतापून आपलं लग्नाचं चित्र नष्ट केलं. तीन वर्षांनी त्यानं ते पुन्हा काढलं. पुढे तिचं मन फार बिघडलं, तिला काही काळ इस्पितळात ठेवावं लागलं. तिच्या बाजूनं ही गोष्ट कुणी लिहिली नाही. पाच बाळंतपणं, त्यातलं एक मूल तान्हेपणीच गेलेलं, नवरा रात्रंदिवस सोळाव्या शतकात, आणि स्वतःचा चेहरा सगळ्या देशाच्या राण्यांसाठी वापरलेला. संताप येणार नाही?

पैशांच्या बाबतीत मातेयको राजासारखाच वागला, म्हणजे हिशेब न ठेवता. १५२५ मध्ये प्रशियाच्या सरदारानं क्राकुफच्या चौकात पोलिश राजासमोर गुडघे टेकले, तो प्रसंग त्यानं १८८२ मध्ये पूर्ण केला आणि राष्ट्राला देऊन टाकला. वावेलच्या राजवाड्यात लावायला. तेव्हा त्या राजवाड्यात ऑस्ट्रियन सैन्याची बराक होती. याही चित्रात स्तान्चिक आहे, आणि चेहरा पुन्हा चित्रकाराचाच, वीस वर्षांनी थकलेला. सगळे विजय बघतायत, तो पुढचं बघतोय. कारण याच प्रशियानं नंतर पोलंड खाल्ला.

१८८३ मध्ये व्हिएन्नाच्या लढाईला दोनशे वर्षं झाली. तुर्कांच्या वेढ्यातून ते शहर सोडवायला धावलेला राजा यान सोब्येस्की पोलंडचा. ज्या व्हिएन्नाला वाचवलं, तिनंच ८९ वर्षांनी पोलंडचा लचका तोडला. मातेयकोनं विजयी सोब्येस्की काढला, व्हिएन्नातच लोकांना फुकट दाखवला आणि मग रोमला जाऊन पोप तेराव्या लिओला भेट दिला. व्हॅटिकनच्या संग्रहालयात सिस्टिन चॅपलकडे घाईनं निघालेली गर्दी आजही या प्रचंड चित्रासमोरून जाते.

शेवटच्या वर्षांत दोन कामं झाली, दोन्ही महाकाय कॅनव्हासपेक्षा निराळी. एक, क्राकुफच्या सेंट मेरी चर्चच्या भिंती आणि छत रंगवणं. त्यासाठी त्यानं आपल्या शाळेतले विद्यार्थी हाताशी घेतले. त्यात स्तानिस्वाव विस्प्यान्स्की आणि युझेफ मेहोफर होते. या पोरांनी पुढे गुरूचं एकही पाऊल गिरवलं नाही. पोलिश आधुनिक कला त्यांनीच आणली. १८७३ पासून मरेपर्यंत मातेयको त्या शाळेचा संचालक होता. हट्टी, जुन्या वळणाचा, तरी त्याच्या हाताखालून इतके वेगळे लोक बाहेर पडले, हे त्याच्या खात्यावर मांडायला हवं.

दुसरं काम म्हणजे १८९० ते १८९२ मध्ये काढलेली पोलंडच्या राजांची आणि सत्ताधीशांची ४४ रेखाटनं. यातल्या कितीतरी जणांचं त्यांच्या हयातीतलं चित्र अस्तित्वातच नाही. दहाव्या शतकातला मिएश्को कसा दिसायचा हे कुणाला माहीत? मातेयकोनं नाणी, शिक्के, समाध्या चाळून आणि उरलेलं मनानं भरून चेहरे ठरवले. छापलेली चित्रं घरोघर, शाळाशाळांत गेली. आपल्या डोक्यात शाळेच्या पुस्तकातल्या चित्रांमुळे ऐतिहासिक माणसं जशी पक्की बसलेली असतात, वेगळं नाक दाखवलं तर चुकीचं वाटतं, तसंच पोलिश माणसाचं आहे. त्यांच्या राजांचे चेहरे मातेयकोच्या पेन्सिलीचे आहेत.

आणि याच वेळी त्याचं आपल्या शहराशी बिनसलं. क्राकुफच्या नगरपालिकेला नवं, भव्य नाट्यगृह बांधायचं होतं. त्यासाठी एका मध्ययुगीन इस्पितळाच्या आणि मठाच्या जुन्या इमारती पाडायच्या ठरल्या. मातेयको विरोधात उभा राहिला. गावातला दगडन् दगड वहीत उतरवलेला माणूस तो. त्याचं ऐकलं गेलं नाही. १८९२ मध्ये त्यानं शहराचं मानद नागरिकत्व परत केलं आणि यापुढे क्राकुफमध्ये माझं चित्र लागणार नाही असं जाहीर केलं. ज्यांनी राजदंड दिला होता, त्यांच्याशीच बोलणं तुटलं.

नाट्यगृह १८९३ च्या ऑक्टोबरमध्ये उघडलं. १ नोव्हेंबरला मातेयको गेला, अंतर्गत रक्तस्रावानं, वयाच्या ५५ व्या वर्षी. ज्या फ्लोरियान्स्का रस्त्यावरच्या घरात तो राहिला, त्याचं पाच वर्षांनी संग्रहालय झालं. त्यानं जमवलेले पोशाख, हत्यारं, चष्मे तिथे आहेत.

१९०१ च्या मार्चमध्ये, त्याच्या विरोधाला न जुमानता बांधलेल्या त्याच नाट्यगृहात, विस्प्यान्स्कीचं 'लग्न' हे नाटक लागलं. चित्रकार विद्यार्थी आता नाटककारही झाला होता. क्राकुफजवळच्या खेड्यात एक लग्नघर आहे, रात्रभर पिणं-नाचणं चालू आहे, आणि मध्यरात्री पाहुण्यांना इतिहासातली भुतं भेटू लागतात. त्यातल्या एका पत्रकारासमोर येऊन उभा राहतो स्तान्चिक.